चार बोटांची दुमड

आमचा रस्ता चढाचा. वरच्या टोकाला थोरली शाळा, खालच्या टोकाला धाकटी, आणि मध्ये आमचं घर, त्याच्या पुढच्या खोलीत माझं शिवणाचं दुकान. दोन्ही शाळांचे गणवेश मीच शिवायची, त्यामुळे कुठल्या शाळेत काय चालतं हे मला कुणी सांगायला लागत नसे. थोरलीचे कपडे दुरुस्तीला यायचे ते कोपरात विरलेले. दिवसभर बाकावर कोपर टेकून लिहायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार! धाकटीच्या कपड्यांची कोपरं कोरी करकरीत, पण गुडघे फाटलेले आणि खिसे उसवलेले. एकदा तर एका खिशातून जिवंत गोगलगाय निघाली आणि मशीनच्या चाकावर चढून बसली. मी तिला उचलून कुंडीत ठेवलं आणि खिसा शिवला.

या गोष्टीला आता पंचेचाळीस वर्षं झाली. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तोंडात सदा काहीतरी, पेन्सिल नाहीतर दोऱ्याचं टोक, म्हणून तिला आम्ही खारू म्हणायचो. ती धाकटीत तिसरी पास झाली होती.

धाकटी शाळा म्हणजे लाकडाच्या एका जुन्या वखारीत भरणारे चार वर्ग. तिथला फ्रॉक निळा, आणि त्याची खालची दुमड चार बोटं, कारण एकच फ्रॉक चार वर्षं चालवायचा असे. दर वर्षी सुट्टी संपली की मी दुमड उसवून एक बोट खाली सोडायची. जुन्या दुमडीची रेघ मात्र जात नाही. धुवा, इस्त्री करा, ती तिथेच. त्यामुळे पहिलीचा फ्रॉक बिनरेघेचा, दुसरीचा एका रेघेचा, तिसरीचा दोन रेघांचा. पोरींना त्या रेघांचा कोण तोरा! "ए, एक रेघ, सरक तिकडे, मी दोन रेघा आहे," असं चालायचं.

थोरलीत रेघ चालत नसे. तिथला बिनबाह्यांचा पिनाफोर राखाडी, कमरेला तीन बोटं रुंद पट्टा, खाली चौदा चुण्या आणि दुमड दोन बोटं. वाढली पोरगी की नवा शिवायचा. मी दर वर्षी साठ-सत्तर पिनाफोर शिवायची आणि दर वर्षी एकदा तरी मनात यायचं, यातला एक आपल्या घरच्या खुंटीवर असावा. मी स्वतः चौथीनंतर शाळा सोडून आईच्या मशीनवर बसले होते. दारातून थोरलीच्या मुली रांगेत जाताना दिसायच्या आणि माझा पाय मशीनच्या पायट्यावर थांबायचा. मग आईची हाक यायची.

थोरलीत बाहेरच्या मुलांना फक्त चौथीत जागा मिळे, त्यानंतर नाही. म्हणजे खारूला पाठवायची तर त्याच वर्षी. मला पाठवायची होती. तिच्या वडिलांना नव्हती.

हे छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसभर अक्षरं उलटी वाचायची सवय. घरी कुणी एक म्हटलं की दुसरी बाजू ह्यांना आधी दिसायची. आणि ह्यांच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे माझ्या वन्संनी, थोरलीतून शिकून दवाखान्यात वॉर्ड सांभाळायला घेतला होता. त्या यायच्या तेव्हा शाळेचा विषय निघाल्याशिवाय राहत नसे.

"अकरा वर्षं काढली मी तिथे," वन्सं म्हणाल्या. "आजही घंटा ऐकली की मी ताठ उभी राहते."

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "परवा रस्त्यात सायकलवाल्यानं घंटी वाजवली, तर चहाचा कप घेऊन उभी राहिलीस."

"राहिले. पण सांडला का चहा? एक थेंब तरी? त्याला वळण म्हणतात."

"ताई, धाकटीत पोरं विचार करायला शिकतात."

"गोगलगायी पाळायला शिकतात. तुझ्या लेकीला मी विचारलं, सात नव्वे किती. तर मला म्हणते, 'आत्या, तुला कशासाठी हवंय?'"

"मग? कशासाठी हवं होतं तुला?"

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस? हा बाप! अगं, तू तरी बोल काहीतरी."

मी काज करत होते. म्हटलं, "मला वाटतं पाठवावी. चारचौघांत उभं राहायचं, नीट बोलायचं, वेळेवर पोचायचं, हे सगळं तिथे शिकवतात. आपण काय शिकवणार?"

"आणि तिथे एकदा का ती रांगेत उभी राहिली," हे म्हणाले, "की पुढच्या मुलीची वेणी सोडून दुसरं काही दिसायचं नाही तिला."

"पुढच्याची वेणी दिसते म्हणून तर आपली नीट घालते ना माणूस!" वन्सं म्हणाल्या.

हा वाद पंधरा दिवस चालला. दुकानात गिऱ्हाइकं बसून राहायची आणि आपापल्या मुलांचे दाखले द्यायची. पाववाला म्हणायचा, थोरली. त्याचा मुलगा तिथून शिकून मोजणीदार झाला. न्हाव्याची बायको म्हणायची, धाकटी. तिची मुलगी घरातलं बिघडलेलं घड्याळ उघडून बसते. "लावते का परत?" पाववाल्यानं विचारलं. "लावते. दोन चाकं उरतात, पण चालतं." खारू कापायच्या टेबलाखाली बसून बटणं निवडत असायची. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

शेवटी ह्यांनी हात टेकले. म्हणाले, "तुझा जीव अडकलाय त्यात. जाऊन भेटून या."

थोरलीच्या मुख्याध्यापिकांना सगळे थोरल्या बाई म्हणायचे. धाकटीच्या त्या धाकट्या बाई, वयानं चांगल्या सहा वर्षांनी मोठ्या असूनही. थोरल्या बाईंचा नियम असा होता की भेटीला येताना मुलीनं गणवेशात यावं. गणवेश घातला की मूल कसं आहे ते दिसतं, असं त्या म्हणत.

मी गुरुवारी दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि खारूचा पिनाफोर बेतला. इतकं मन लावून मी लग्नाचेही कपडे शिवले नव्हते. चौदा चुण्या ओल्या फडक्यानं दाबून घेतल्या. पट्ट्याला आतून दुहेरी कापड घातलं. दुमड मशीनवर न मारता हातानं शिवली, टाका बाहेर दिसणार नाही अशी. शिवताना मी तिला त्या दगडी फाटकातून आत जाताना पाहत होते, आणि हात आपले चालले होते.

शनिवारी सकाळी आम्ही चढ चढून गेलो. ऑफिसात भिंतभर नकाशा, एक मोठं घड्याळ आणि काचेच्या कपाटात ओळीनं ठेवलेली कातडी बांधणीची पुस्तकं होती. त्या शाळेसाठी मी सतरा वर्षं शिवत होते, पण गठ्ठा शिपायाकडे देऊन फाटकातूनच परतायची. आत कधी आले नव्हते. बसा म्हटल्यावरही मी उभीच राहिले.

थोरल्या बाईंनी खारूकडून एक उतारा वाचून घेतला, चार गणितं विचारली. सात नव्वे विचारलं. खारू म्हणाली, "त्रेसष्ट." कशासाठी हवंय असं विचारलं नाही, देवाची कृपा.

"ये, अशी वळ बघू," बाई म्हणाल्या. ती वळली. बाईंनी पिनाफोरचं खालचं टोक अंगठ्यानं उलटलं आणि त्यावर आडवी बोटं ठेवली. ही त्यांची नेहमीची पद्धत, शिपायानं मला पूर्वी सांगितली होती.

"चार," त्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. चार बोटं. बाहेरून टाका दिसणार नाही अशी, सुंदर शिवलेली, चार बोटांची दुमड. सतरा वर्षांत दोन शाळांची दुमड माझ्याकडून कधी उलटसुलट झाली नव्हती. लोकांच्या मुलींना मी डोळे मिटून दोन बोटं सोडली होती. स्वतःच्या मुलीचं कापड हाताखाली आलं आणि हातानं मला न विचारता तिच्या वाढायची सोय करून ठेवली.

"तुम्ही शिवलात ना हा?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. चुकलं. आत्ता नेते आणि नीट करून आणते." माझे कान तापले होते. पस्तीस वर्षांची बाई मी, दोन माणसांना कामावर ठेवलेली, आणि हात जोडून उभी होते.

"का चुकलं?" हे खारूनं विचारलं.

मी तिच्या पाठीला बारीक चिमटा काढला.

"दुमड जाड झाली की जड होते," बाई तिला म्हणाल्या. "मग चुण्या सरळ पडत नाहीत. चौदाच्या चौदा सरळ पडायला हव्यात."

खारूनं मान खाली घालून एक गिरकी घेतली. "खरंच नाही पडत," ती म्हणाली. "ही बघा, ही तर बाहेर आलीय. पण मग मी वाढले की काय करायचं?"

"नवा शिवायचा."

"आणि हा?"

बाईंनी पुन्हा दुमडीकडे पाहिलं. खारू म्हणाली, "आमच्या बाई म्हणतात, हे चुकलं असं म्हटलं की मग कसं, ते पण सांगायचं. नाहीतर चुकलं म्हणायचं नाही."

मी दुसरा चिमटा काढला.

"बाई, तिला चिमटे काढू नका," थोरल्या बाई मला म्हणाल्या. "बोलू द्या. हं, सांग. मग कसं?"

खारूनं तोंडात वेणीचं टोक घातलं. बराच वेळ ती आपल्या पोटाकडे बघत उभी राहिली आणि मग तिनं सरळ पट्टाच सोडला.

"इथे ठेवायचं," ती म्हणाली. "कमरेत, आतून. खाली दोन बोटं आणि वर दोन बोटं. म्हणजे खाली जड होणार नाही. मी वाढले की इथून उसवायचं, खाली ओढायचं आणि परत शिवायचं. रेघ येईल ती पट्ट्याखाली जाईल."

थोरल्या बाईंनी चष्मा लावला. कमरेची शिवण उलटी करून पाहिली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "होईल असं?"

सतरा वर्षांत त्यांनी मला कामाबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न. निरोप यायचे: इतके नग, अमुक तारखेला. प्रश्न कधी नाही. मी म्हटलं, "होईल. कापड थोडं जास्त जाईल आणि कमरेत जरा फुगेल, पण होईल."

"फुगेल?" खारूनं विचारलं.

"दोन थर येतील ना गं आत."

"मग पट्टा एक भोक घट्ट."

बाई हसल्या असं मी म्हणणार नाही, पण चष्मा काढायला त्यांनी जरा वेळ लावला. "हिला जागा आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत कळवा. आणि तू ऐक, इथे बोलायच्या आधी हात वर करावा लागतो."

खारूनं लगेच हात वर केला.

"काय?"

"नकाशात ती मधली निळी जागा आहे ती कसली? समुद्र असेल तर त्याला बाहेर जायला वाट कुठाय?"

थोरल्या बाई मुळात भूगोलाच्या. त्या उठल्या, छडी घेतली आणि चारही बाजूंनी जमीन असलेल्या त्या पाण्याविषयी पुढची दहा-बारा मिनिटं सांगत राहिल्या. त्यात येणाऱ्या नद्या, त्याचं खारटपण, सगळं. मी त्या दोघींच्या पाठी बघत उभी होते.

उतरताना माझं काही तिच्या बडबडीकडे लक्ष नव्हतं. माझी चूक माझ्या तोंडावर दाखवली गेली तेव्हा मला माफीपुढे एक शब्द सुचला नव्हता. आणि ही! उद्धटपणा नाही, रडणं नाही. चुकलं ना, मग कसं करू या, बस्स. हे तिला मी शिकवलं नव्हतं, तिच्या वडिलांनीही नाही. त्या वखारीत बसून ती हे शिकली होती, आणि मी तिला तिथूनच काढायला निघाले होते.

घरी पोचल्या पोचल्या मी सांगून टाकलं, "थोरली नको. ती आहे तिथेच बरी आहे."

मग ह्यांनी सगळी हकिगत विचारली. मी चिमट्यांसकट सांगितली. हे ऐकता ऐकता खुर्चीच्या कडेला आले.

"चष्मा लावला त्यांनी?"

"लावला."

"आठ वर्षांच्या पोरीचं ऐकून शिवण उलटून पाहिली?"

"पाहिली. म्हणून काय?"

"म्हणून काय काय! अगं, मग पाठवायलाच हवी थोरलीत! मला वाटत होतं तिथे नुसत्या घंटा वाजतात."

"अहो, पंधरा दिवस तुम्हीच नाही का म्हणत होतात..."

"तूच नाही का म्हणत होतीस?"

वन्सं दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. दवाखान्यात जाता जाता काय झालं ते विचारायला आल्या होत्या. "तुम्ही दोघं एका बाजूला कधी येणार आहात का?" त्या म्हणाल्या. "मला आठ मिनिटांत निघायचंय. आणि जिची शाळा तिला कुणी विचारलंय का?"

सगळ्यांनी टेबलाखाली पाहिलं. खारू पिनाफोर काढून जुन्या कपड्यांत बटणांपाशी परत बसली होती.

"थोरली," ती म्हणाली.

"का गं?" मी विचारलं. माझा आवाज जरा दुखावलेला निघाला असावा, कारण ती बाहेर येऊन मला टेकून बसली.

"धाकट्या बाईंना काही विचारलं ना, की त्या म्हणतात, चल, शोधू. मग आम्ही शोधतो. एकदा तर तीन दिवस शोधत होतो. थोरल्या बाईंना माहीत असतं. मला आता थोडे दिवस माहीत असलेलं हवंय. शोधून शोधून दमले मी."

वन्संनी पर्स खांद्याला लावली. "झालं तर मग," त्या म्हणाल्या आणि बरोबर आठव्या मिनिटाला निघाल्या.

धाकट्या बाईंना सांगायला मी एकटी गेले. मला फार अपराधी वाटत होतं. त्या वखारीच्या अंगणात बसून एका खुर्चीचा पाय चिकटवत होत्या. मी अडखळत सांगितलं. खारूचं कारणही सांगितलं, लपवलं नाही. त्या इतक्या हसल्या की पाय पुन्हा निखळला. "दमली म्हणाली? बरोबर आहे हो, मीही दमते. तिथे नवीन काही कळलं की मला येऊन सांगायला लावा. तेवढंच माझं शोधायचं वाचेल."

सोमवारी आम्ही होकार कळवला. तिचा पिनाफोर मी तिनं सांगितल्यासारखा उसवून पुन्हा बेतला. वरच्या भागाच्या आत दोन बोटं, खाली दोन बोटं. कमरेत फुगला खरा. पट्टा एक भोक घट्ट केला तेव्हा बसला. चौदाच्या चौदा चुण्या सरळ पडल्या. थोरल्या बाईंनी तो पाहायला मागवून घेतला आणि दोन दिवसांनी शिपायाबरोबर परत पाठवला. काही बोलल्या नाहीत म्हणाला.

शाळा उघडायच्या आदल्या शनिवारी तोच शिपाई चिठ्ठी घेऊन आला. यंदाचे चौसष्टच्या चौसष्ट पिनाफोर नव्या पद्धतीनं शिवावेत, कमरेत आतून दोन बोटं वाढीव, तुमच्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे. खाली सही.

नव्या गणवेशांना शाळा उघडल्यापासून महिनाभराची मुदत असायची, त्यामुळे मी अजून कापड कापलं नव्हतं हे नशीब. पण सगळे मापांचे कागद काढून झाले होते आणि चार दिवस राबून मी चौसष्ट नगांच्या खुणा खडूनं कापडावर मारून ठेवल्या होत्या. चारच्या चारी ताग्यांवर. आता सगळ्या पुसायच्या आणि दोन बोटं वाढवून पुन्हा मारायच्या.

रविवारी दुपारी आम्ही चौघं ब्रश घेऊन बसलो. वन्संना सुट्टी होती. हे घासत होते आणि खडूच्या धुळीनं शिंकत होते.

"धाकटीत घातली नसती," वन्सं म्हणाल्या, "तर आज हे घासायला लागलं नसतं. इथे कसं, तिथे कसं! दोन बोटांचं दोन बोटंच राहिलं असतं."

"थोरलीत नेली नसती तर कोण मागवत होतं चौसष्ट?" हे म्हणाले. "एकटीचा फुगला असता तर फुगला असता."

"म्हणजे थोरलीची चूक?"

"अर्धी."

"मी काय म्हणते," खारू म्हणाली, "आत्यानं ब्रश उलटा धरलाय. असं नाही निघायचं."

"मग कसं, ते सांग!" वन्सं ओरडल्या, आणि आमचे हे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

संध्याकाळपर्यंत एकावन्न नगांच्या खुणा नव्यानं मारून झाल्या. उरलेले तेरा मी दुसऱ्या दिवशी केले. सकाळी तिला फाटकापर्यंत सोडून आले होते. ती मागे वळून न बघता रांगेत जाऊन उभी राहिली, पुढच्या मुलीच्या अगदी जवळ. दुकान त्या दिवशी फार मोकळं वाटत होतं. टेबलाखालची बटणं न निवडता तशीच पडली होती. तेरावा नग आटोपला तेव्हा दुपार सरत आली होती, आणि वर चढावर तिचा आवाज ऐकू आला. दिवसभराचं सगळं साठलेलं ती मोठमोठ्यानं बोलत खाली येत होती. बरोबर कोणी होतं की नाही कोण जाणे. मी खडू खाली ठेवला आणि ती दारात पोचेपर्यंत नुसती ऐकत बसले.